चार खोटे दिवस

नातसून मुक्ता रोज सकाळी डॉक्टरांनी दिलेली पूड पाण्यात ढवळत बसते. तिला पीसीओएस आहे. मूल व्हावं म्हणून उपचार चाललेत. काल चहा पिताना सगळ्यांसमोर नवऱ्याला म्हणाली, "अरे, दोन महिने पाळी नाही. डॉक्टरांची वेळ घे." माझ्या नातवाने टोस्ट खाली ठेवून लगेच फोन लावला. मी जळले. पुडीवर नाही, त्या 'अरे'वर.

माझी पाळीही अशीच महिनोन् महिने दडी मारायची. तेव्हा त्याला नाव नव्हतं. दिवस वर गेले की सासूबाई आशेने माझ्या पोटाकडे बघायच्या. ते मला सोसवायचं नाही. म्हणून मी अतिशहाणी, काही नसतानाच दर महिन्याला चार दिवस बाजूला बसायचे. वर आयतं ताट!

मूल होईना, तेव्हा वैद्य आले. सासूबाई ठसक्यात म्हणाल्या, "पाळीची तक्रार नाही हो, घड्याळासारखी येते."

मीही मान डोलावली. मग वैद्यांनी काढा ह्यांना सुरू केला. तीन वर्षं ते कडूजहर पाणी ह्यांनी निमूट घेतलं, आणि समोर बसून मी तोंड उघडलं नाही.