रेवाला बसवलं तो रविवार

वेलचेरीतल्या एका अपार्टमेंटमागच्या बास्केटबॉल कोर्टावर तुकोजी राव संध्याकाळी मुलींना शिकवायचे. मैलापूरच्या शाळेतून पी.टी. मास्टर म्हणून निवृत्त झालेले, तंजावरी मराठी घरातले, कधी आवाज न चढवणारे. मुलींकडून त्यांनी एकच गोष्ट घोटून घेतली होती: चेंडू कवटाळून बसू नका, मोकळ्या मैत्रिणीकडे द्या. पोरींना ते जमायलाही लागलं होतं.

मग सामने सुरू झाले आणि रविवारी सकाळी आईबाप कोर्टाच्या कडेला येऊन उभे राहू लागले.

सगळ्यांत चढा आवाज रेवाच्या बाबांचा. निनाद कर्वे पुण्याहून आलेला, सिरुसेरीला सॉफ्टवेअर कंपनीत. "रेवा, देऊ नकोस! तूच टाक बास्केट!" असं तो बेंबीच्या देठापासून ओरडायचा, आणि नेम चुकला की कपाळावर हात मारून घ्यायचा. मग टीममधल्या सहानाची आई श्रीरंजनी कशी गप्प बसेल? "पास पण्णु!" तीही पलीकडून तमिळमधून ओरडे, पास दे म्हणून. दोघांची जुंपली, बाकीच्यांनी बाजू घेतल्या, आणि हळूहळू ते भांडण मुलींत उतरलं. सरावातसुद्धा सहाना रेवाला पास देईना.

तुकोजींनी पालकांना कोर्टाभोवतीच्या जाळीबाहेर उभं राहायला सांगितलं. सगळे निमूट बाहेर गेले, आणि लांब गेल्यामुळे आणखीच मोठ्यानं ओरडू लागले.

शेवटी तुकोजींनी निनादला बाजूला घेतलं. "तुम्ही एक सांगतां, मी एक सांगतों. लेकरूं कोणाचें ऐकेल, सांगा?"

निनाद हसला. "सर, तुमचं हे जुनं मराठी ऐकायला काय गोड वाटतं हो! माझ्या आजीनं ऐकलं असतं तर ती खूश झाली असती." मग त्यांचा हात हातात घेऊन म्हणाला, "पटलं मला. पुन्हा नाही ओरडणार."

तो खोटं बोलत नव्हता. पुढच्या रविवारी पहिली काही मिनिटं तो ओठ आवळून उभाही राहिला. मग रेवाच्या हातात चेंडू आला. "टाक!" निनाद ओरडला. "सहाना!" तुकोजींच्याही तोंडून निघून गेलं. श्रीरंजनी ओरडली, मागचे सगळे ओरडले. रेवा चेंडू छातीशी धरून जागच्या जागी उभी राहिली. रेफरीची शिट्टी वाजली, चेंडू दुसऱ्या टीमकडे गेला, तरी ती हलेना.

तुकोजींनी तिला बाहेर बोलावलं. पाण्याची बाटली तोंडाला लावून ती हळूच म्हणाली, "सर, मला बसूनच राहू द्याल? मी बेंचवर असले की बाबा ओरडत नाहीत."

तुकोजींनी तिला बसू दिलं. टीम हरली.

निनाद जाळीचं दार ढकलून आत आला. "माझ्या मुलीला का बसवलंत? घाबरली तेव्हाच तिला खेळवायला हवं होतं!"

तिनंच मागितलं होतं, हे तुकोजींच्या अगदी ओठांवर आलं. पण रेवा बुटाची नाडी सोडत त्यांच्याकडे बघत होती. तिनं मान जेमतेम हलवली. नको.

"माझीच चूक झाली," तुकोजी म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून रेवा आली नाही. श्रीरंजनीनं आनंदानं सगळ्यांना फोन केले. सहाना मात्र सरावाला येऊन म्हणाली, "सर, रेवाला परत बोलवा ना. मी देईन तिला पास."

तुकोजींनी फोन केला. निनादनं उचलला नाही.

काही महिन्यांनी वेलचेरी स्टेशनवर बापलेक भेटले. निनाद राग विसरला होता. "आता बॅडमिंटन, सर! एकटीचा खेळ, कुणाच्या पासवर अडत नाही. दर मॅचला मी असतोच."

"बरें वाटतें का, कण्णा?" तुकोजींनी लाडानं रेवाला विचारलं.

"छान चाललंय तिचं," तिनं तोंड उघडायच्या आतच निनाद म्हणाला.

गाडी आली. दोघं चढले. तुकोजींनाही त्याच गाडीनं मैलापूरला जायचं होतं, पण रेवासमोर बसायचा धीर होईना; ते फलाटावरच थांबले आणि पुढच्या गाडीची वाट बघत राहिले.