थेंब कमी नव्हता

तिचं नाव मी विचारलं नाही. करडी गावच्या दवाखान्यात ती शहरातल्या प्रयोगशाळेतून बर्फाची पेटी घेऊन एकदाच आली होती. माझी तान्ही नात पिवळी पडत चालली होती, काहून ते कोणाले समजत नव्हतं. दोनदा रक्त नेलं आणि दोनदा ‘कमी पडलं’ म्हणून परत बोलावलं. तिसऱ्यांदा मी पोरीले पोटाशी धरूनच बसलो.

"आता सुई लावू देणार नाही," मी सांगितलं.

"बाबाजी, टाचेतला एकच थेंब पाहिजे."

"तेव्हा एवढं पुरलं नाही, आता थेंबात काय सापडन?"

ती भांडली नाही. बारीक नळीत तिनं आधी पाण्यासारखं काही ओढलं, सोडलं, पुन्हा ओढलं, सोडलं.

"आमची बुढी गुळाचा पाक काढाच्या आधी पळीले तेल लावते. तसं करून राहिली का?"

ती हसली. "तसंच. रक्तातलं प्रोटीन नळीलाच चिकटून बसते. तेच ओळखायचं असते, अन् तेच हाती लागत नाही. थेंब कमी नव्हता बाबाजी, आम्हीच सांडवत होतो. पुढं तर एका पेशीतलंही ओळखू."

एवढ्या शिकलेल्या बाईनं चूक आपल्या पदरात घेतलेली मी पहिल्यांदा पाहिली. मीच पोरीची टाच पुढं केली. सुई टोचल्यावर ती त्या टाचेवर कितीतरी वेळ फुंकर घालत होती.

मग काही दिवसांनी दवाखान्यातून फोन आला. मी भांडाले तयारच होतो.

"रक्त नको," तिकडून म्हणाले, "रोग सापडला. औषध न्यायले या."