कुरणावर भरलेली सोसायटीची मीटिंग

“ओढ्यात उभं राहून गणपतीची आरती पूर्ण म्हणून दाखव,” असं मी निखिलला म्हणालो आणि तो येडा हो म्हणाला! आमच्या बिल्डिंगवाल्यांचं हे असंच आहे. यांचे किस्से शोधावे लागत नाहीत, आपोआप साचतात. मी फक्त मधूनमधून थोडा धक्का देतो.

तर गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही डोंबिवलीची अकरा माणसं लडाखला टेंटमध्ये राहायला गेलेलो. खाली बघावं तर नुसतं वाळवंट, औषधाला झाड नाही. आणि त्याच्या डोक्यावर हे हिरवंगार कुरण, मधून ओढा. चार दिवस मुक्काम, पाचव्या दिवशी वरच्या खिंडीत चढायचं. तिथून म्हणे अख्खं वाळवंट एका नजरेत दिसतं.

निखिल बी विंगचा. रोज जिम, रोज आरशातले फोटो. चड्डीवर उतरला ओढ्यात. पहिलं कडवं दणक्यात. दुसऱ्याला आवाज बारीक झाला. तिसऱ्याला नुसतेच दात वाजत होते, टाळ मिळाले असते तर बरं झालं असतं. बाहेर ओढला तेव्हा पाय वांग्यासारखे!

“जिमला जातोस ना रे तू?” मी विचारलं.

“जिममध्ये गिझर असतो!”

आमचा गाइड दोर्जे मात्र हसला नाही. “अब एक भी मस्ती हुई, तो जिसने की वो नीचे. घोड़ेवाले के साथ. ऊपर जाना भूल जाओ.” बोलला सगळ्यांना, बघत होता माझ्याकडे.

मी खाली गेलो तर मला काय, तिकडे पण मॅगी मिळते. पण मी सतरा वर्षांचा, एकट्याला सोडणार नाहीत. म्हणजे मम्मीला पण उतरावं लागणार. आणि मम्मी पोळीभाजीचे डबे पुरवते, त्यातून कधी शिर्डीच्या पुढे गेलेली नाही. या खिंडीसाठी ती तीन महिने सात मजले चढत-उतरत होती, लिफ्ट चालू असताना! बायका हसायच्या. ती गप चढायची.

म्हणून मी ठरवलं, आता शहाण्यासारखं वागायचं. बाकीच्यांनी काही ठरवलं नव्हतं.

*

आमचे चेअरमन लिमये काका. हरिश्चंद्रगड सात वेळा केलाय, हे त्यांनी विमानात तीन वेळा सांगितलं. पहिल्या चढाला घोड्यावर बसले, आणि घोड्याला मराठीत झापत होते, “अहो, सावकाश!” घोड्याला अहो! वॉचमनला अरे म्हणतो हा माणूस.

कुरणावर पोचल्या पोचल्या काकांनी किचन टेंटवर नोटीस लावली. ‘पाणी भरण्याची वेळ सकाळी ६ ते ७. नंतर तक्रार चालणार नाही.’

बाजूला ओढा धो धो वाहतोय!

दोर्जे नोटीसकडे बघत राहिला. मी त्याला हिंदीत वाचून दाखवली. “सर, ये कभी बंद नहीं होता,” तो म्हणाला.

“आज नाही होत,” काका म्हणाले. “उद्या?”

आणि दुसऱ्या दिवशी सहाला काठावर लाइन! आपण थंडीत कशाला उभं राहायचं म्हणून लोकांनी नंबराला बाटल्या ठेवलेल्या. निखिलची बाटली पुढे सरकवली म्हणून भांडण पण झालं. मी सव्वासातला जाऊन भरली. काकांनी माझं नाव वहीत लिहिलं.

*

भोईर काका आमच्यातले खरे मालक. आमची बिल्डिंग उभी आहे ती यांच्या शेतात. बाकीचे डोंगराचे फोटो काढत होते, भोईर काका कुरणावर पावलं टाकत फिरत होते. लांबी झाली, मग रुंदी.

“बारा टावर आरामात बसतील हितं,” ते म्हणाले. “दोर्जे, जागा कोनाची हाय रं?”

“गाँव की है. याक चरते हैं.”

काकांनी याकांकडे बघितलं. सतरा-अठरा असतील. “मंग त्यांना पन एकेक रूम देऊ ना!”

*

आता टॉयलेट टेंट. लिमये काकांनी घरून त्याला कुलूप आणलेलं! चेनची दोन्ही टोकं जुळवून लावायचं. “उघडं ठेवलं की बाहेरचे येऊन वापरतात.” बाहेरचे म्हणजे कोण? याक आणि दोर्जेचं कुत्रं! चावी किचन टेंटच्या दोरीला. आत जाताना उघडं कुलूप बाहेर चेनला लटकवायचं.

चौथ्या दिवशी नाश्त्याच्या वेळेला काका आत गेले आणि कोणीतरी बाहेरून कुलूप दाबलं. चावी गायब.

आधी आवाज आला, “अरे, कोण आहे?” मग, “थट्टा पुरे!” मग, “मी चेअरमन बोलतोय!” दोर्जेने सगळीकडे चावी शोधली. शेवटी सुरीने कापड फाडून काकांना बाहेर काढलं. पाऊण तास झालेला. काका टोमॅटो.

तिथेच गवतावर मीटिंग. विषय एकच, मी.

“आईशप्पथ, मी नव्हतो!” खरंच नव्हतो. आयुष्यात पहिल्यांदा काहीच केलं नव्हतं आणि चेहरा नेमका केल्यासारखा होत होता. मला खाली पाठवायला मतदान झालं, निखिलने तर दोन्ही हात वर केले. वांग्याचा बदला!

दोर्जेने घोडेवाल्याला हाक मारली.

“वहिनी, तुमचंही सामान भरा,” काका म्हणाले. “माझा नाइलाज आहे.”

मम्मी उठली. उद्यासाठी आणलेले नवे बूट तिने सकाळपासूनच घालून ठेवलेले. ओढणीची गाठ सोडून तिने चावी काढली आणि काकांच्या वहीवर ठेवली.

“याला वर न्या. कुलूप मी लावलं. मी उतरते.”

भोईर काका खोकले. लिमये काकाच मग सावरून घ्यायला लागले, “असू दे, असू दे. आत कोणी नाही असं वाटलं असेल तुम्हाला. होतं असं.”

“नाही हो,” मम्मी म्हणाली. “तुम्ही आत गाणं म्हणत होतात.”