पेटी डोक्यावर, किल्ली करदोट्याला

महाराष्ट्र नवानवा झाला होता तेव्हाची गोष्ट. बुलडाण्याहून एसटीच्या टपावर बसून फिरत्या वाचनालयाची पेटी महिन्याला धाड गावच्या स्टँडवर उतरायची. जाडजूड लाकडी पेटी, तिला भलंमोठं कुलूप. तिथून ती डोक्यावर घेऊन आडरस्त्यानं आपल्या गावच्या शाळेत न्यायची सहदेवनं. किल्ली मात्र भगवंतराव गुरुजींच्या करदोट्याला. पेटी सहदेवच्या डोक्यावर चालायची, आतलं पुस्तक त्याच्या हातात चालत नव्हतं. वा रे वा न्याय!

बौद्धवाड्यातल्या प्रौढांच्या वर्गात सहदेव चाळिशीत अक्षरं शिकला होता. एक अख्खं पुस्तक आपल्या डोळ्यांनी वाचायचं, एवढाच ध्यास. त्यात मेल्या काचबिंदूनं गाठलं. नजर दिवसेंदिवस आखडत चालली, डॉक्टरांनीही हात टेकले.

"गुरुजी, मले एक पुस्तक द्या नं. वाचता येते मले."

"देतो बे, पह्यले जामीन आन. गहाळ झालं तं कोन भरन?"

बौद्धवाड्याला जामीन राहतो कोण? सहदेव दर खेपेला विचारायचा आणि रिकाम्या हातानं परत यायचा.

त्याची बायको तानाबाई मोठी तिखट. एकदा ती कडाडलीच, "पेटी तुमच्याच डोक्यावर असते नं? मंग फोडा तिचं कुलूप वाटेत!"

"फोडलं तं म्हनतील, पाह्यलं, चोरच निघाले. मंग आपल्या लेकराइले जन्मात पुस्तक भेटनार नाही."

तानाबाईच्या मनातला राग मात्र काही गेला नाही.

पुढं भगवंतरावांची बदली झाली. नव्या शंकरराव गुरुजींनी पहिल्याच दिवशी किल्ली खिळ्याला टांगली आणि सांगितलं, "ज्याले पाह्यजे त्यानं घ्या." सहदेवनं चाचपडत एक पुस्तक उचललं, छातीशी धरून घरी आणलं, अंगणात बसून उघडलं. नुसतं धुकं. एक अक्षर दिसेना. किती उशीर केला हो त्या भगवंतरावांनी!

तानाबाई शेजारी येऊन टेकली. तिला अक्षरओळख नव्हती, डोळे मात्र शाबूत होते. तिनं पुस्तक आपल्या मांडीवर ओढलं.

"एक उभी काठी हाये. डाव्या अंगाले गोल, उजव्या अंगाले आकडा."

"तो क," सहदेव म्हणाला.

पहिला शब्द जुळेस्तोवर उन्हं कलली. सहदेवच्या डोळ्यांतून धारा लागल्या. तानाबाई थांबली.

"थांबू नको," तो म्हणाला. "म्होरचं सांग."