चौघांच्या हातातलं बटन

जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत मुजाहिदला सगळे 'सर्व्हरवाले' म्हणत. मुळात गडी हसनाबादचा मोबाइल दुरुस्तीवाला. एकदा प्रिंटर नीट करायला आल्ता, तो मालकानं, राधेश्याम सेठनं, परत जाऊच दिला नाही. मेलसाठी बाहेरच्या कंपनीच्या दारात कशाला जायचं, असं सेठचं म्हणणं. मग बियाण्याच्या थंड खोलीत, मक्याच्या पोत्यांशेजारी, मेलचा सर्व्हर बसला आणि मुजाहिदच्या डोक्याला कायमचा ताप झाला.

लाइट गेली की इंटरनेट जायचं, मेल अडकायची, आणि मेलचा प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू करावा लागायचा. पण हे बेणं पुन्हा चालू होईलच याचा काय भरवसा! कधी मुकाट्यानं उठायचं, कधी अर्धा दिवस ढिम्म. मुजाहिदनं वायरी बदलल्या, प्रोग्राम पुसून नव्यानं टाकला. माल रवाना करणाऱ्या अंगदनं सर्व्हरला लिंबू-मिरची टांगली. मुजाहिदच्या अम्मीनं, रहिमाबीनं, तावीज धाडला. सेठनं राजूरच्या गणपतीचा अंगारा लावला. दोन्हीकडचा बंदोबस्त झाला, तरी मेल आपली हटवादी ती हटवादीच.

त्या सोमवारी सेठ तापला. "वंदनाचा बियाणं तपासणीचा रिपोर्ट आज पाचच्या आत सरकारी कचेरीत गेला न्हाई, तर यंदा कपाशीचं बियाणं विकता येणार न्हाई. अन् मंग तू बी हितं दिसणार न्हाई. समजलं?"

हसनाबादचं दुकान मुजाहिदनं कधीच मेव्हण्याला देऊन टाकलं होतं. आता त्याच दुकानात त्याच मेव्हण्याच्या हाताखाली बसायचं? त्यापेक्षा मेलेलं बरं, असं त्याला अगदी मनापासून वाटलं.

दुपारी लाइट गेली, आली. मेल अडकली. त्यानं रिस्टार्ट दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. काही नाही. थंड खोलीत दातावर दात वाजायला लागले, तसा तो हॉलमध्ये आला. प्रयोगशाळेतली वंदना कपाळाला एक हात लावून बसली होती, दुसरा माउसवर. टक.

"काय करून राह्यली, ताई?"

"तुम्हालाच मदत, मुजाहिदभाऊ. रिस्टार्ट दाबून राह्यले."

पलीकडून टक. "मी बी दाबला," अंगद म्हणाला. "जल्दी व्हावं म्हणून."

आणि काचेच्या केबिनमधून टक-टक-टक. सेठ तर दाराची बेल वाजवावी तसा दाबत होता!

मुजाहिद मटकन खुर्चीत बसला. मेलचा प्रोग्राम बंद व्हायला वेळ घेतो, हातातली पत्रं आवरतो आणि मगच जागा सोडतो. जुना उठायच्या आत पुढच्या रिस्टार्टनं नवा तिथंच बसायला आला की आपटतो. इथं चौघं मिळून एकाच जागी चार-चार जणांना बसवत होते. चौथा तो स्वतः. हात्तिच्या मारी!

तो थेट केबिनमध्ये घुसला. "सेठ, माउस सोडा. तुमच्यामुळंच मेल मरून राह्यली."

आपण काय बोललो हे त्याला बोलल्यावर कळलं. पण आता माघार कसली? "मी एकदाच दाबणार. मंग कुणी कशालाच हात लावायचा न्हाई."

सेठनं निमूट दोन्ही हात मांडीखाली घातले. अंगदनं हाताची घडी घातली. मुजाहिदनं बटन दाबलं आणि लांब जाऊन उभा राहिला. बोटं नुसती शिवशिवत होती. घड्याळ पाचाकडं सरकत होतं. शेवटी वंदनाच ओरडली, "गेला! बाई गं, गेला एकदाचा रिपोर्ट!"

मुजाहिदचा जीव भांड्यात पडला. पण सेठ विचारात पडला होता.

"काय रे, हे बटन आमच्या कॉम्प्युटरवर ठेवलं कुणी?"

कुणावर तरी ढकलून द्यावं, असं मुजाहिदच्या मनात येऊन गेलं. पण वंदना आणि अंगद दोघंही त्याच्याकडंच बघत होते.

"मीच, सेठ. मेल अडकली की तुम्ही जुम्म्याच्या नमाजात बी फोन करायचे. म्हटलं, तुमचं तुम्ही दाबा."

"म्हणजे इतके दिवस मी तुला शिव्या देत व्हतो, त्या बराबर व्हत्या?"

"बिलकुल बराबर."

सेठनं त्याला आणखी एक हासडली, चांगली ठेवणीतली. मुजाहिदला इतकं हलकं वाटलं की काय सांगावं. ज्याला कामावरून काढायचं, त्याला सेठ नेहमी अहो-जाहो करायचा.