अर्जावरचं नाव

विमानतळावर बॅग चार किलो जास्त भरली. काउंटरवरची मुलगी "नाही मॅडम" म्हणत होती आणि मी लोणच्याच्या बरण्या एकेक करून तिच्यासमोर मांडत होते. काचेपलीकडून माझे वडील, आप्पा, खुणावत होते, हलू नकोस. नाशिकच्या आमच्या भांड्यांच्या दुकानात त्यांनी हेच शिकवलं होतं, पहिल्या नकाराला काउंटर सोडायचा नाही. बरण्या जपानला आल्या.

त्याच बळावर इथल्या ट्रेडिंग कंपनीतली नोकरी सोडून मी टोकियोजवळच्या इचिकावात मसाल्यांचं दुकान काढलं. मागच्या खोलीत आमची संस्था. भारतीय, नेपाळी बायकांसोबत दवाखान्यात दुभाषी पाठवायचं काम. नगरपालिकेकडे अनुदानासाठी अर्ज केला तेव्हा खिडकीवरचे अधिकारी वाकून म्हणाले, "केन्तो शिमास." म्हणजे विचार करू. आपल्याकडे असं म्हणणारं गिऱ्हाईक दोन पावलांत परत फिरून माल घेतं. मी खूश! इथं तो सभ्य नकार असतो, हे पत्र आल्यावर कळलं. कारण दिलं होतं, कामाच्या सातत्याची खात्री वाटत नाही. अनुदान मिळालं एका जपानी मंडळाला, 'भारत दिवस' साजरा करायला. वर त्यांचाच मला फोन, "पोहे फुकट कराल का?"

यंदा दुभाष्यांच्या गाडीभाड्यालाही पैसे उरले नाहीत. शेजारचे सातो-सान, निवृत्त जपानी शिक्षक, हळूच म्हणाले, "प्रतिनिधी म्हणून माझं नाव घाला." मी भडकले. दुभाषी मागायला आलेली, पाच महिन्यांची गरोदर सुनीता तिथंच बसली होती.

"ताई, नाव कुणाचंही घाला हो. कळा सुरू झाल्यावर डॉक्टर काय म्हणतात, ते मला कोण सांगणार?"

तोच अर्ज, बाकी एक शब्द न बदलता, सातो-सानांच्या नावानं दिला. मंजूर झाला. सुनीताला मुलगी झाली तेव्हा आमची दुभाषी तिच्या उशाशी होती.

मग मी नकाराचं आणि मंजुरीचं, दोन्ही पत्रं खिडकीवर शेजारी शेजारी ठेवली. "फरक दाखवा."

अधिकाऱ्यांनी पत्रं नीट जुळवून माझ्याकडे सरकवली. मग अगदी नम्रपणे म्हणाले, "तुम्ही भारतात परत कधी जाणार?"

"उत्तर घेतल्याशिवाय या खिडकीवरूनसुद्धा जाणार नाही!" अख्खी रांग वळून बघायला लागली.

लेखी कळवू, म्हणाले. उत्तर अजून आलेलं नाही. पुढचा अर्ज मी माझ्याच नावानं भरून ठेवलाय.

नाशिककरांनो, मी तिकडे आले की पहिल्याच चहाला तुम्हीही विचारता, "परत कधी जाणार?" मी हसून तारीख सांगते. तुमचा कधी राग आला नाही. इथं त्याच प्रश्नानं अंगाची लाही झाली. घर कुठलं, ते मला त्या रागानं सांगितलं.