खो-खोसाठी लेन्स

आमच्या लेकीला एकच फोटो पाहिजे होता. खांबाजवळ सूर मारून ती हवेत आडवी झाली असतानाचा. "बक्षीस घेतानाचा नको बाबा, त्यात सगळ्याच सारख्या दिसतात," असं तिनं बजावलं होतं. तिचं दहावीचं वर्ष होतं, शाळेकडून ही शेवटचीच जिल्हा स्पर्धा. मैदानात पालकांना सोडत नसत, म्हणजे फोटो काढायचा तो प्रेक्षकांच्या पायऱ्यांवरूनच.

एवढ्याशा गोष्टीवर आमच्या कचेरीत जेवढी चर्चा झाली, तेवढी फायलींवर झाली असती तर यवतमाळचं भलं झालं असतं. हेडक्लार्क म्हणाले, रोल फास्ट घ्या. कॅशियर म्हणाले, ट्रायपॉडशिवाय जाऊच नका. दोघांनीही जन्मात लग्नाच्या पंगतीपलीकडे कशाचा फोटो काढला नव्हता. मला दुकानात एक छोटी झूम लेन्स आवडली होती. पण सोबत मेहुणा होता. तो टीव्हीवर क्रिकेट पाहतो, म्हणून त्याला लेन्समधलं सगळं कळतं.

"भाऊजी, एवढीशी कायले घेता? स्टेडियमात पाहा, कशा तोफा लावून बसतात!"

स्टुडिओवाल्यानं लगेच आतून तोफ आणली. जुनी, हातभर लांब. बाहेरचा कोणी पेपरचा फोटोवाला परत जाताना विकून गेला होता म्हणे. कापसाचे भाव पडल्यापासून अशी मंडळी जिल्ह्यात फार येत. जीप भाड्यानं घेत, चार गावं फिरत आणि संध्याकाळी हॉटेलात सावजी रस्सा तिखट आहे म्हणून डोळे पुसत. इथं त्यांना पडलेले चेहरे हवे असत. एखादा हसताना दिसलाच, तर त्याला हसू नको म्हणून सांगत. तीच लेन्स घेऊन मी गळ्यात अडकवली आणि मान खाली गेली तरी माझी छाती मात्र फुगली, खोटं कशाला सांगू!

फायनलला पायऱ्या गच्च भरल्या होत्या. मी अगदी वर बसलो. खालच्या पायऱ्यांवर तांड्यावरचे एक काका होते, त्यांची मुलगीही आमच्याच संघात. इतका आनंदी माणूस मी त्या वर्षभरात पाहिला नव्हता. "पय, पय! धर तिले!" असं ओरडत त्यांनी आख्खी रांग नाचवली होती. सामना अटीतटीचा झाला. समोरच्या संघाची शेवटची मुलगी बाद झाली की जिंकलो. आमची लेक तिच्या मागं लागली, आणि मी उभा राहून तोफ उचलली.

"फोटोवाला आला रे!" कोणीतरी ओरडलं.

आख्खी रांग उठून माझ्याकडे वळली. काकांच्या चेहऱ्यावरचं हसू पुसल्यासारखं गेलं. त्यांनी दुपट्टा डोक्यावर घेतला, कपाळाला हात लावला आणि नजर खाली घातली. त्यांचं पाहून बाकीच्यांनीही तेच केलं. एकानं तर अदबीनं विचारलं, "साहेब, आभायाकडे पाहू का जमिनीकडे?"

"अहो, मले पोरीचा फोटो काढायचा हाय! सरका!"

"पोरीचा? एवढ्या मोठ्या नयीनं?" काका मान न उचलता लेन्सच्या नळीकडे बोट करत म्हणाले. "काढा साहेब, तुमी काढा. मागच्या साहेबानं सांगतलं आमाले. आमी नाई हासत."

मला त्या मागच्या साहेबाचा असा राग आला, की तो समोर असता तर त्याचीच लेन्स त्याच्या डोक्यात घातली असती. काकांच्या पाठीमागं त्यांची स्वतःची मुलगी खेळून राहिली होती, आणि ते माझ्यासाठी दुःखी होऊन उभे होते. तेवढ्यात मैदानावर गलका झाला. लेकीनं सूर मारला होता. मी बटण दाबलं. कॅमेरा खाली येईपर्यंत रांगेतलं कोणी हललं नाही. मग काका एकदम वळले आणि शेजाऱ्याला विचारू लागले, "काय झालं? कोनं धरलं?"

फोटो धुऊन आला. मेहुणा म्हणाला, काय शार्प आहे बघा! खरंच शार्प होता. कपाळाला हात लावलेली रांग, एकेक सुरकुती मोजून घ्यावी अशी, आणि त्यांच्या डोक्यांवरून मागं धूसर दिसणारे लेकीचे दोन तळपाय.

लेकीनं फोटोतल्या चेहऱ्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "बाबा, आपण तर जिंकलो होतो न?"